साठ चित्रांचा सेकंद

"वहिनी, तुमी नक्की करता तरी काय?" हा प्रश्न आमच्या कळंब गावात मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की उत्तर मी तीन वाक्यांवर आणून ठेवलं आहे. मोबाईलमध्ये एक खोटी जत्रा असते. तिथे लोक खोट्या रिंगा टाकतात आणि खोटे फुगे फोडतात. त्या रिंगा किती मोठ्या आणि ते फुगे किती लांब, हे मी ठरवते. यावर विचारणारा "असं, असं" म्हणतो आणि टोमॅटोच्या भावाकडे वळतो. मला त्याचा राग येत नाही. टोमॅटो खरा असतो.

राग येतो तो या धंद्यातल्या लोकांचा. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक भारी शब्द असतो आणि एकाही गोष्टीचं माप नसतं. मी सांख्यिकी शिकले, पंधरा वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि मग या धंद्यात आले. कशी आले ते सांगत नाही, त्यात ऐकण्यासारखं काही नाही. आज वय एकोणपन्नास, घरात चार माणसं, गोठ्यात दोन म्हशी आणि टेबलावर सहा फोन. त्या सहा फोनांमुळे दोन शेजारणींची खात्री आहे की मी काहीतरी बेकायदा करते.

ज्या कामाबद्दल लिहायचं आहे त्याला आमचे मालक 'व्हर्च्युअल आर्केड' म्हणत. मॉलमध्ये एका कोपऱ्यात अंधारा हॉल असतो, त्यात दिवे लुकलुकणारी खेळाची यंत्रं असतात, तो आर्केड. आमच्या मालकांना तसला हॉल मोबाईलमध्ये आणि चष्म्यात हवा होता, आणि तो जत्रेसारखा दिसायला हवा होता. चष्मा म्हणजे डोळ्यांवर बांधायचा डबा. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं आहे. डबा बांधला की डोकं वळवाल तिकडे जत्रा दिसते. दोन्ही हातांत एकेक मूठ धरायची, तेच तुमचे जत्रेतले हात. फोनवाल्याला तीच जत्रा काचेतून दिसते आणि त्याचे हात म्हणजे त्याचा अंगठा. गंमत अशी की दोघं एकाच वेळी एकाच जत्रेत फिरत असतात आणि एकाच यादीत दोघांचे नंबर लागतात.

आता यात अडचण काय, ते कुणाही शेतकऱ्याला कळेल. फोनवाल्याचा अंगठा अर्धा इंच हलतो, डबेवाल्याचा हात दोन फूट. दोघांनी टाकलेली रिंग सारख्याच न्यायानं पडली पाहिजे. हा न्याय लावायचं काम माझं. मालक याला काहीतरी 'बॅलन्सिंग' म्हणत. मी म्हणे, तराजू धरणं.

मालक पुण्याचे, वय चौतीस, पायात पांढरे बूट. त्यांनी खऱ्या जत्रेत कधी रिंग टाकली नव्हती, पण जत्रेबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. एका बैठकीत ते म्हणाले, "मॅडम, खेळणाऱ्याला सतत वाटलं पाहिजे की अगदी थोडक्यात हुकलं. पहिल्या तीन रिंगा जरा मोठ्या ठेवू. नंतर हळूच लहान करत जाऊ. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," मी म्हटलं.

"तुम्ही खेळणाऱ्या नाही ना."

"सर, जत्रेतला रिंगवाला लबाड असतो. त्याची रिंग साबणाच्या वडीपेक्षा केसभरच मोठी असते. पण सकाळी जी रिंग असते तीच दिवे लागेपर्यंत असते. तुम्हाला त्याच्यापेक्षा लबाड व्हायचंय का?"

बैठकीत कुणीतरी खोकलं. शेवटी रिंगेचं माप पालाच्या, म्हणजे खेळाच्या तंबूच्या, पाटीवर लिहायचं ठरलं. मालकांनी ते मान्य केलं ते न्यायासाठी नव्हे. पाटी 'ऑथेंटिक' दिसते, असं त्यांना वाटलं. कारण कुठलंही असो, पाटी लागली.

बांधलेली जत्रा माणसांवर तपासावी लागते. पुण्यात तपासणारे म्हणजे ऑफिसातलीच पोरं. त्यांचे हात-डोळे यातच मुरलेले. मी हट्टानं तपासणी आमच्याकडच्या लोणी गावात नेली. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये दोन दिवस, बेचाळीस माणसं. पहिल्या दिवशी पहिला डबा दत्तूभाऊंच्या डोळ्यांवर बांधला. दत्तूभाऊ हे लोणीचे कांदेवाले बागायतदार, साठीचे, यात्रा कमिटीतलं वजनदार माणूस. त्यांना समोर फुग्यांचं पाल दिसलं. पालापुढे लाकडी फळी होती. कुठल्याही टपरीपुढे माणूस जसा उभा राहतो तसे ते उभे राहिले, म्हणजे फळीवर कोपर टेकून. फळी डब्यात होती. हॉलमध्ये नव्हती.

दत्तूभाऊ आडवे झाले. दोघांनी धरून उठवलं. डबा काढल्यावर त्यांनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, टपरी हाय म्हणून टेकलो, तर टपरीच न्हाई! आन वर पैसं बी पुन्यावालं घेणार का?"

"लागलं का हो?"

"लागाय काय व्हतंय. पर आदी सांगायचं ना राव, की हितं काय बी खरं नाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वहीत लिहिलं: बेचाळीसपैकी एकोणीस जणांनी फळीला टेकायचा प्रयत्न केला, तीन पडले. मालकांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले की लोकांना सवय होईल. मी म्हटलं, माणसाला टेकायची सवय आहे, ती हजारो वर्षांची आहे, तुमचा डबा परवाचा. त्यानंतर जिथे जिथे डबे मांडायचे तिथे डब्यातल्या फळीच्या उंचीचं एक खरं टेबल समोर ठेवायचं, असा नियम मी करून घेतला. नऊ वर्षांच्या माझ्या कामातलं हे सर्वांत उपयोगी काम. त्यात कॉम्प्युटर कुठेही नाही.

जत्रेचा मुख्य खेळ बैलगाड्याचा होता. त्याचा पहिला नमुना आला तेव्हा लोणीत जे हसू झालं ते मी विसरणार नाही. चित्रं काढणाऱ्यांनी परदेशातून तयार बैल विकत घेतला होता. धिप्पाड, तपकिरी, आणि पाठीवर वशिंड नाही. सपाट.

"ह्यो कंचा बैल म्हनायचा?" एकानं विचारलं.

"बैल नाय त्यो. म्हस हाय, रंग लावलेली."

"म्हशीला तरी काय तरी चेहरा असतो राव."

ऑफिसला फोन केला तर तिकडून उत्तर आलं, वशिंड वाढवायला आठ दिवस लागतील, त्याशिवाय चालणार नाही का? मी म्हटलं, तुमच्या पोस्टरवरच्या नटाला नाकाशिवाय छापून बघा, चालतं का. आठ दिवसांनी वशिंड आलं.

त्याहून मोठा घोळ पुढे होता. मालकांच्या डोक्यात सहा गाडे शेजारी शेजारी पळत होते, धूळ उडते आहे, चाकाला चाक घासतं आहे. कुठल्या तरी सिनेमात पाहिलं असणार. त्यांना समजावता समजावता माझी एक दुपार गेली. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे घाट म्हणजे चढाची एक सरळ धाव. एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याला बारी म्हणतात. पुढे घोडी, मागे बैलांच्या दोन जोड्या. खालून सुटलेला गाडा वरच्या निशाणापर्यंत किती सेकंदांत पोचला, एवढाच निकाल. इथे बैल बैलाशी पळत नाही, घड्याळाशी पळतो.

"मग त्यात मजा काय?" मालकांनी विचारलं.

"उन्हात पाच-पाच तास उभं राहून लोक बघतात. काहीतरी असेलच."

शेवटी एकाच गाड्याचा खेळ ठरला. खेळणारा पुढच्या घोडीवर. घोडी फार पुढे गेली तर बैलांची ओढ संपते, फार जवळ राहिली तर बैल अडखळतात. ते अंतर राखत वर पोचायचं. फोनवाल्यानं अंगठ्यानं, डबेवाल्यानं लगामाच्या मुठीनं. खेळ चांगला झाला होता. आजही म्हणते, चांगला झाला होता. बिघडवला तो मी.

घाटाला आलेलं माणूस घड्याळावर विश्वास ठेवत नाही. हरलेला गाडामालक बैलाला बोल लावत नाही, घोडीलाही नाही. तो घड्याळवाल्याच्या अंगठ्याला बोल लावतो. बटण उशिरा दाबलं, त्याची सोयरीक त्या गावातली आहे, त्याला आदल्या दिवशी जेवायला बोलावलं होतं. माझ्या सासऱ्यांनी आपल्या सख्ख्या मावसभावाशी बोलणं टाकलं ते सेकंदाच्या दहाव्या भागावरून. आता यंत्रं आली, तर लोक यंत्राच्या वायरवर संशय घेतात. मी लग्न होऊन या वातावरणात आले आणि तेवीस वर्षांत पक्की इथली झाले. माझ्या घाटात घड्याळावरून भांडण होणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

खेळाची आज्ञावली लिहिणारी स्नेहल नावाची मुलगी होती. नारायणगावची, कामात चोख, बोलायला कमी. तिनं विचारलं, "मॅडम, वेळ फोनच्या घड्याळावरून घेऊ ना?"

"फोनचं घड्याळ कुणीही मागेपुढे करतं. नको."

"आत एक वेगळं घड्याळ असतं. सेटिंगमधून त्याला हात लावता येत नाही."

"प्रत्येक फोनचं? खात्री देतेस?"

"प्रत्येक फोनची शंभर टक्के कशी देऊ? पण सगळे असंच करतात."

"सगळे करतात हे कारण नसतं, स्नेहल."

हे वाक्य शाळेत मी फळ्यापुढे किती वेळा टाकलं असेल. पोरं मान खाली घालून वहीत उतरवून घ्यायची. तिनंही उतरवून घेतलं.

मी दुसरा मार्ग काढला. फोनवर जे हलताना दिसतं ती एकामागून एक झरझर काढलेली चित्रं असतात. चांगला फोन सेकंदाला साठ चित्रं काढतो. डबा बहात्तर काढतो. म्हणजे फोनवर साठ चित्रं झाली की एक सेकंद झाला, डब्यात बहात्तर झाली की एक सेकंद झाला. यात कुणाचं घड्याळ नाही, कुणाचा अंगठा नाही. निव्वळ मोजणी. मोजणीत लबाडी कशी होणार? नियम लिहिला, खाली सही केली. ऑफिसातल्या चौदा फोनांवर प्रत्येकी पन्नास बाऱ्या मोजल्या. सातशे बाऱ्यांत एकदाही चूक नाही. त्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होते.

उद्घाटनाला मालकांनी स्पर्धा ठेवली. पंधरा दिवस, कुणीही खेळा, हव्या तितक्या बाऱ्या, सर्वांत कमी वेळेचा पहिला. बक्षीस एक डबा. शेवटच्या दिवशी यादी लागली. पहिला नंबर जुन्नरचे रशीदभाई, वेळ अकरा पूर्णांक दोन शतांश सेकंद. दुसरा पुण्याचा एक डबेवाला, साडेअकराच्याही वर. मालकांना दुसरा ओळखीचा होता. पहिला कोण ते चौकशी केल्यावर कळलं, जुन्नरच्या बाजारपेठेत घड्याळं आणि मोबाईल दुरुस्त करणारा माणूस.

"मोबाईल दुरुस्तीवाला!" मालक म्हणाले. "झालं तर. आत शिरून काहीतरी केलंय त्यानं."

तासाभरात खेळाच्या पानावर, नावागावासकट, जाहीर झालं: गैरप्रकारामुळे बाद. चौकशी नाही, विचारणा नाही. सेकंदाच्या शतांशावर निकाल देणाऱ्यांना एका माणसाला चोर ठरवायला पाच मिनिटंही पुष्कळ झाली.

त्या दिवशी मी रशीदभाईंच्या सगळ्या बाऱ्या काढून पाहिल्या. त्रेसष्ट होत्या. पहिली जवळजवळ सतरा सेकंदांची. मग सोळा, परत सतरा, पंधरा, दोनदा तर घोडी फार पुढे जाऊन बारी फुकट. चाळिसाव्या बारीला तेरा. मग हळूहळू, अडखळत, अकरापर्यंत. चोरी करणाऱ्याचे आकडे असे उतरत नाहीत. त्याचा पहिलाच आकडा सुंदर असतो. हे आकडे शिकणाऱ्या माणसाचे होते. पंधरा वर्षं मी असलेच आकडे प्रगतिपुस्तकात भरत होते.

मालकांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, पोस्ट गेलीय आता. मागे घेतली तर आपलं हसं होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीनं जुन्नरला गेले.

दुकान सहा फूट रुंद. काचेच्या कपाटात उघडलेले फोन, वर खिळ्यांना टांगलेली घड्याळं, आणि काउंटरमागे रशीदभाई: पंचावन्नच्या पुढचे, कपाळावर सरकवलेलं भिंग. मी पोचले तेव्हा एक बाई आपला फोन परत मागत होती.

"राहू द्या भाई. घाई न्हाई तशी. नंतर बघू."

"अहो, उघडून ठेवलाय. अर्ध्या तासात देतो."

"नको नको. हाय तसाच द्या."

तिच्या मागे एक ओळखीचा म्हातारा उभा होता. तो म्हणाला, "रशीद, मला काय भ्या नाय तुझं. माझ्या घड्याळात सेल टाक. त्याच्यात फोटो नसत्यात."

तो हसला. रशीदभाई हसले नाहीत. त्यांनी सेल टाकला.

मी नाव सांगितलं आणि कुठून आले तेही सांगितलं. त्यांनी भिंग खाली घेतलं, परत वर सरकवलं.

"ताई, लोक माझ्याकडं फोन देत्यात म्हणजे काय देत्यात, ठावं हाय का? लेकीबाळींचे फोटो, बँकेचे मेसेज, नवराबायकोची भांडणं, समदं. कुलूप काढून देत्यात. छत्तीस वर्षं मी आत बघितलं न्हाई, म्हणून देत्यात. तुमच्या कंपनीनं लिवलं, हा माणूस आत शिरतो. आता कोण देईल?"

मी म्हटलं, "मला तुमचा फोन दाखवा. माझ्यासमोर एक बारी खेळा."

फोन जुना होता, काचेला आडवा तडा. त्यांनी फोन उचलला आणि थांबले. मग खिळ्यावरचं एक जुनं थांबघड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

"हे धरा. सुटताना दाबा, पोचल्यावर दाबा. माझ्या घड्याळावर भरवसा नसंल तर तुमचं घ्या."

मी दोन्ही घेतली, त्यांचं उजव्या हातात, माझ्या फोनमधलं डाव्या. बारी सुटली, बारी पोचली. खेळ म्हणाला अकरा सेकंद आणि वर दोन शतांश. अगदी तोच आकडा, योगायोगानं. रशीदभाईंचं घड्याळ म्हणालं चौदा पूर्णांक सात. माझं घड्याळही म्हणालं चौदा पूर्णांक सात.

"घोडी लई संथ पळती असं मला बी वाटायचं," ते म्हणाले. "पर मला काय ठावं? मला वाटलं, तुमच्याकडची घोडी तशीच."

मी त्यांच्या स्टुलावर बसले. वहीची गरज नव्हती. अकरा सेकंद आणि दोन शतांश म्हणजे माझ्या नियमानं सहाशे एकसष्ट चित्रं. तेवढी चित्रं काढायला या फोनला चौदा पूर्णांक सात सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला पंचेचाळीस. जुना फोन दमून हळू चित्रं काढत होता. खेळात सगळं चित्रागणिक पुढे सरकतं, म्हणून त्याच्यात बैल संथ, घोडी संथ, आणि मी बसवलेलं घड्याळही तितकंच संथ. फक्त रशीदभाईंचा अंगठा खऱ्या वेळात चालत होता. त्यांना अंतर राखायला इतरांपेक्षा जवळजवळ पावणेचार सेकंद जास्त मिळत होते. त्यांनी काही केलं नव्हतं. कुणाला घड्याळात हात घालता येऊ नये म्हणून मी असं घड्याळ बांधलं होतं, जे वेळच मोजत नव्हतं.

आणि माझे चौदा फोन? चौदाही ऑफिसचे, चौदाही नवे. सातशे वेळा मी एकच चूक बरोबर म्हणून मोजली होती.

हे सगळं मी रशीदभाईंना सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण एक गोष्ट सांगणं जड गेलं. "चूक दुरुस्त केली तर तुमच्यावरचा ठपका जाईल. पण पहिला नंबरही जाईल. तुमची खरी वेळ चौदाच्या वर आहे."

त्यांनी फोनची तडा गेलेली काच सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसली. त्रेसष्ट बाऱ्या खेळलेल्या माणसाला तेवढा वेळ द्यायला हवा.

"नंबर घेऊन टाका," ते म्हणाले. "पर मी चोरी केली न्हाई, हे बी तेवढ्याच मोठ्यानं सांगा जेवढ्या मोठ्यानं पयलं सांगितलं."

परत आल्यावर चार दिवसांत मी गावातले, नातेवाइकांचे, पार आणे गावाच्या पठारावरच्या भाचीच्या सासरचे असे एकतीस जुने फोन तपासले. एकोणिसांत घड्याळ मागे पडत होतं. तक्ता करून मालकांना पाठवला. स्नेहलला फोन केला आणि म्हटलं, "तू बरोबर होतीस. मी तुला बोलू दिलं नाही." ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम," आणि दुरुस्तीला लागली. पंचवीस ओळींचं काम होतं. सव्वा तासात झालं.

मालकांनी मात्र तक्ता पाहून हात जोडले. "मॅडम, घड्याळ गुपचूप दुरुस्त करू. त्या दुरुस्तीवाल्याला एक डबा देऊन टाकू, खूश होईल. जाहीर कशाला करायचं? अख्खी यादी खोटी ठरेल."

"ती खोटीच आहे."

"लोकांना माहीत नाही ना पण!"

"त्यांना एवढंच माहीत आहे की रशीदभाई चोर आहेत. ते तुम्ही सांगितलंत म्हणून."

"हा ब्रँडचा प्रश्न आहे."

माणसाच्या अब्रूला जागा नसलेल्या ठिकाणी तिचं नाव बदलून ब्रँड ठेवतात, एवढं मला त्या बैठकीत कळलं.

त्याच आठवड्यात लोणीची यात्रा होती आणि तिथे आमचा मंडप होता: चार डबे, चार खरी टेबलं, एक मोठा पडदा. मालक स्वतः आले होते. शेजारीच घाट, आणि घाटावर कर्णे. मी दत्तूभाऊंना गाठलं आणि एक मिनिट माइक मागितला.

"कशापायी, वहिनी?"

कारण सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं. "दोन बाऱ्यांच्या मधी. एक मिनिट. जास्त झालं तर गाडंवालं मला सोडणार नाईत."

मी मजकूर घरी मोजून आणला होता, अठ्ठेचाळीस सेकंद. माइकवर माझा आवाज शाळेतला निघाला. मी म्हटलं की मोबाईलमधल्या गाड्याच्या खेळात जुन्नरच्या रशीदभाईंना लबाडी केली म्हणून बाद केलं, ते खोटं आहे. त्यांनी काहीही केलेलं नाही. खेळाचं घड्याळ चुकीचं होतं आणि ते घड्याळ मी बसवलं होतं. सगळी यादी परत लागेल. चूक माझी आहे, त्यांची नाही.

मग खालून कुणीतरी ओरडलं, "बाई, बारी सोडा की! बैलं तापल्यात!" लोक हसले. पण निवेदक जुना माणूस होता. त्यानं माइक माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "थांबा राव. ऐकलं का मंडळी? चाळीस वर्सं या घाटात बोलतोय. बैल चुकला म्हणनारं बघितलं, घोडी चुकली म्हणनारं बघितलं. घड्याळवाल्यानं उठून माझं घड्याळ चुकलं म्हणल्यालं आज पयल्यांदा बघितलं. हां, सोडा बारी!"

मंडपात परत आले तर मालक फोनवर होते. पुढच्या सोमवारी माझा करार संपवल्याचं पत्र आलं. त्यात आभार होते. मात्र यादी त्यांना बदलावी लागली, कारण अर्ध्या तालुक्यानं ऐकलं होतं. पानावर त्यांनी 'तांत्रिक सुधारणा' असं लिहिलं आणि बाद हा शब्द काढला. रशीदभाई एकेचाळिसावे आले. ती जत्रा अजून चालू आहे. ऐकते की रिंगेच्या पालावरची मापाची पाटी काढली आहे. म्हणजे रिंग लहान-मोठी होत असणार. आम्हाला काय, खेळा.

त्यानंतर पंधरा दिवसांनी माझ्या फोनची चार्जिंगची पिन सैल झाली. जवळच मंचरला दुरुस्तीची तीन दुकानं आहेत. मी जुन्नरला गेले. दुकानात चार माणसं होती. कोण घड्याळ घेऊन आलं होतं, कोण नुसतंच टेकलं होतं. फोन एकाच्याही हातात दुरुस्तीला नव्हता.

"एकेचाळीस ना, ताई?" रशीदभाईंनी भिंगाआडून विचारलं.

"एकेचाळीस. दीड हजारांत."

"बरं. वाईट न्हाई."

मी फोन काउंटरवर ठेवला. "पिन बदला. उद्या नेते. आज इथेच राहू दे." आणि त्या चौघांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात फोनच्या कुलपाचे चारही आकडे सांगितले.

"अहो ताई, हळू!" रशीदभाई दचकले. "माणसं ऐकत्यात."

"ऐकू द्या. तुम्हाला आत जायला लागतील ना."

त्यांनी एका चिठ्ठीवर माझं नाव आणि 'चार्जिंगची पिन' एवढंच लिहिलं, कुलपाचे आकडे लिहिले नाहीत. टेकून उभा असलेला माणूस सरळ झाला. त्यानं खिशात हात घातला, थोडा घुटमळला, आणि मग आपला फोन काढून माझ्या फोनाशेजारी ठेवला. त्याची काच फुटलेली होती, बरेच दिवसांपासून असावी.

आकडे इथे छापत नाही. ते मी अजून बदललेले नाहीत.